गोमेकॉची जागा, घराचे कागद आणि पैशाचे वेळापत्रक

आमची थोरली मुलगी यंदा बारावीत आहे आणि येत्या मे महिन्यात ती ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसणार आहे. भौतिकशास्त्राशी माझा संबंध फार पूर्वीच सुटल्यामुळे अभ्यासात तिला माझा काहीच उपयोग नाही. मात्र डिचोली भागातील एका सहकारी पतसंस्थेच्या कर्ज विभागात बरीच वर्षे काम करीत असल्याने, निकाल लागल्यावर गुणपत्रक हातात घेऊन धावत येणारे पालक मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेले आहेत. त्यामुळे घरात कामाची वाटणी सहज झाली: गुणांचे तिने पाहायचे, कागदांचे आणि पैशांचे मी.

ते काम करताना जे ध्यानात आले ते येथे लिहून ठेवीत आहे. ‘आधी प्रवेश तर मिळू दे, पैशाचे मग बघू’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, पण वैद्यकीय प्रवेशात हा क्रम चालत नाही. समुपदेशनाच्या, म्हणजे गुणांनुसार जागावाटप करणाऱ्या प्रक्रियेच्या, संकेतस्थळावर महाविद्यालयांचे पर्याय भरताना आपण प्रत्यक्षात पैशाचाच निर्णय घेत असतो. जागा मिळाल्यावर शुल्क भरण्यासाठी मोजके दिवस हातात असतात आणि सरकारी मदत बहुतेक वेळा त्यानंतर येते.

गोव्याची रचना अगदी लहान आहे. एमबीबीएससाठी येथे एकच महाविद्यालय आहे, ते म्हणजे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज, अर्थात गोमेकॉ. १८४२ साली पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची ही परंपरा असून १९६३ मध्ये त्या संस्थेला आजचे नाव मिळाले. येथील ८५ टक्के जागा राज्य कोट्यातून, पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत भरल्या जातात, तर उरलेल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि त्यांचे समुपदेशन केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती करते. राज्यात खाजगी वैद्यकीय महाविद्यालय नसल्यामुळे गोमेकॉची यादी संपली की गोव्यातील एमबीबीएस संपले. काणकोणकरांना बांबोळीपेक्षा कारवार जवळ, पेडणेकरांना सिंधुदुर्गातील ओरोसही फारसे दूर नाही, आणि या दोन्ही ठिकाणी शासकीय महाविद्यालये आहेत. परंतु त्यांचा राज्य कोटा कर्नाटकाच्या आणि महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांसाठी असल्यामुळे आपल्या मुलांना तेथे केवळ अखिल भारतीय कोट्याच्या दारानेच जाता येते. एकाच भाषेत शिकलेल्या, सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मुलांना मिळणाऱ्या संधींत एवढा फरक असावा हे मला पटत नाही, पण नियम तसा आहे.

म्हणून दोन्ही समुपदेशनांत नाव नोंदवणे शहाणपणाचे. अखिल भारतीय कोट्यासाठी गेल्या काही वर्षांत खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला १,००० रुपये नोंदणी शुल्क आणि १०,००० रुपये परत मिळणारी अनामत भरावी लागली आहे. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांचाही पर्याय हवा असेल तर हेच आकडे ५,००० रुपये आणि २ लाख रुपये असे होतात. पहिल्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर अनामत बुडत नाही, दुसऱ्या फेरीत मिळालेली नाकारली तर ती जप्त होते, आणि तिसऱ्या फेरीत रुजू झालेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या कोणत्याही समुपदेशनात जाता येत नाही. केंद्राच्या आणि पर्वरीच्या फेऱ्यांच्या तारखा शेजारी-शेजारी लिहून ठेवल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. शिवाय या तारखा नेमक्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आसपास येतात. घरी गणपतीवर माटोळी बांधायची गडबड, कार्यालये बंद, आणि शुल्क भरण्याची मुदत मात्र चालूच. तेव्हा लागणारा प्रत्येक दाखला त्याआधीच फाइलमध्ये असायला हवा.

दाखल्यांपैकी निवासी दाखला मामलेदार कार्यालयातून मिळतो आणि त्याला वेळ लागतो, एवढे सांगून मी उत्पन्नाच्या दाखल्यांकडे वळते, कारण खरा घोटाळा तेथे होतो. ओबीसींचा नॉन-क्रीमी लेयर दाखला आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा दाखला, या दोन्हींची मर्यादा ८ लाख रुपये असल्यामुळे लोक ते सारखेच समजतात. केंद्राच्या निकषांनुसार नॉन-क्रीमी लेयरसाठी उत्पन्न मोजताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. त्यांच्या नोकरीतील पदाची कसोटी वेगळी लावली जाते. त्यामुळे दोघेही पगारदार आहेत एवढ्यावरून ‘आपण बसत नाही’ असे ठरवून अर्जच न करणारी कुटुंबे हक्काची सवलत सोडून देत असतात. ईडब्ल्यूएसला मात्र सर्व मार्गांचे उत्पन्न धरतात आणि त्यावर मालमत्तेची अट असते: ५ एकर किंवा अधिक शेतजमीन, १,००० चौरस फूट किंवा त्याहून मोठा फ्लॅट, अधिसूचित पालिका क्षेत्रात १०० आणि अन्यत्र २०० चौरस यार्ड किंवा त्याहून मोठा निवासी भूखंड, यांपैकी एक जरी असेल तरी उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. आमच्या गावात चार माडांचे परसू असलेले कोणतेही जुने घर २०० चौरस यार्डांच्या पुढे जाते. आम्ही या अटीतच बाद झालो.

अखिल भारतीय कोट्यात ओबीसींसाठी २७ टक्के आणि ईडब्ल्यूएससाठी १० टक्के आरक्षण २०२१ पासून लागू आहे, परंतु तेथे दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. केवळ राज्याच्या यादीत नाव असून भागत नाही. ईडब्ल्यूएसचा दाखला चालू आर्थिक वर्षाचाच चालतो, म्हणून तो १ एप्रिलनंतर काढायचा.

आणखी एक गोष्ट निव्वळ गोव्याची. पोर्तुगीज नागरी संहितेतील पतिपत्नींच्या सामायिक मालकीमुळे प्राप्तिकर कायद्यानुसार (१९६१ च्या कायद्यात कलम ५अ) येथील जोडप्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न निम्मे-निम्मे वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवले जाते. माझ्या यजमानांचे हार्डवेअरचे लहान दुकान आहे. त्याचा अर्धा नफा माझ्या पगारासोबत माझ्या विवरणपत्रात दिसतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी किंवा कर्जासाठी एकाचेच विवरणपत्र दाखवले तर चित्र अपुरे राहते आणि मग खुलासे देत बसावे लागते. दोघांचीही तीन वर्षांची विवरणपत्रे एकत्र ठेवावीत हा माझा व्यावसायिक सल्ला समजावा.

पोर्तुगीज पारपत्राचा विषयही टाळता येत नाही. युरोपात काम मिळावे म्हणून अनेक घरांत पोर्तुगीज नागरिकत्व घेतले गेले आहे, कधी मुलांसाठीही. असे नागरिकत्व घेतलेल्या मुलाचे भारतीय नागरिकत्व संपते आणि तो फार तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारक होऊ शकतो. केंद्राच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला अशा प्रवेशांत अनिवासी भारतीयांसाठीच्या किंवा अतिरिक्त जागांवरच दावा करता येतो. ही अट त्या तारखेपूर्वी कार्ड मिळालेल्यांना लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला. म्हणजे आता नव्याने नागरिकत्व बदलण्याचा विचार असेल आणि घरात डॉक्टर व्हायची इच्छा असलेले मूल असेल, तर गोमेकॉचा सर्वसाधारण राज्य कोटा हातचा जातो हे धरूनच निर्णय घ्यायला हवा. लिस्बनच्या तिकिटाचा हिशेब करणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

आता मदतीकडे. गोवा शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी शैक्षणिक कर्ज ही आपल्या राज्यातील सर्वांत उपयुक्त योजना आहे असे मला वाटते, आणि हे मी व्याजावर चालणाऱ्या संस्थेत नोकरी करीत असूनही म्हणते. याशिवाय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी कौटुंबिक उत्पन्नावर आधारित बर्सरी, म्हणजे अर्थसाहाय्याची, योजना आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ पासून अनुसूचित जमातींचा दर्जा असल्यामुळे सांगे, केपे, काणकोणच्या मुलांनी ही योजना अवश्य पाहावी. केंद्राकडून ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिक्षणाच्या काळातील कर्जाच्या व्याजाचे अनुदान मिळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्क्यांची सवलत मिळते. मात्र ही सवलत संस्थेच्या नावावर अवलंबून असल्याने त्या वर्षीच्या यादीत आपले महाविद्यालय आहे की नाही, हे पर्याय भरण्यापूर्वीच तपासावे लागते.

यातील बहुतेक पैसा शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर येतो. पहिले शुल्क, वसतिगृहाची अनामत, पुस्तके, अप्रन यांसाठीची रक्कम घरातूनच उभी करावी लागते, आणि ती उभी राहिली नाही म्हणून मिळालेली जागा सोडावी लागू नये यासाठी आम्ही मुलगी अकरावीत असतानाच एक आवर्ती ठेव सुरू केली. बँकेचे कर्ज हवे असेल तर अंतिम मंजुरी प्रवेशपत्राशिवाय मिळत नाही, पण कागद आधी देऊन तत्त्वतः होकार मिळवता येतो आणि तो मिळवावाच.

बँकेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ७.५ लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढे सहसा तारण आले, आणि गोव्यात तारण म्हटले की घराचा इतिहास उकरावा लागतो. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दिवा लागला ते घर कागदावर कोणाचे आहे, हा प्रश्न येथे भल्याभल्यांना अडवतो. घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत असेल आणि अशा जागेत राहणाऱ्यांसाठीच्या १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली ती जागा खरेदी करण्याची प्रक्रिया पुरी झाली नसेल, तर बँकेला गहाण ठेवण्याजोगी मालकीच तुमच्याकडे नसते. फॉर्म एक-चौदा या जमिनीच्या उताऱ्यावर नाव आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना मी नेहमी सांगते की त्या उताऱ्यावरील नाव म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, आणि बँकेचे वकील त्याच्या मागचे दस्त मागतातच. घर आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर असेल तर वारसांची निश्चिती आणि इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची, प्रक्रिया आली, जी आता २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्याखाली चालते. येथे मुलींचा हिस्सा मुलग्यांइतकाच, आणि पतिपत्नींची मालमत्ता सामायिक, त्यामुळे वारसांबरोबर त्यांचे जोडीदारही पक्षकार होतात.

आमचे घर अजून दिवंगत सासऱ्यांच्याच नावावर आहे. दोन दीर, जावा, नणंद आणि तिचे यजमान, एवढ्या सह्या लागतील. एक दीर आखातात असल्यामुळे त्यांचे मुखत्यारपत्र लागेल. भांडण कोणाशीच नाही, पण भांडण नसले म्हणून काम निकालापूर्वी पुरे होईल असेही नाही. म्हणून आम्ही हे घर हिशेबातून वगळले, आणि त्याबरोबर ७.५ लाखांच्या पुढचे सगळे कर्जही वगळले गेले.

याचा परिणाम थेट मुलीच्या पर्यायांच्या यादीवर झाला. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आपल्या लोकांना जवळचे वाटते; कोणाचा तरी भाचा तेथे शिकलेला असतोच. पण ते अभिमत विद्यापीठाचे महाविद्यालय आहे, आणि अभिमत विद्यापीठांतील एमबीबीएसचा एकूण खर्च अनेक ठिकाणी १ कोटीच्या घरात जातो. १ कोटी रुपयांचे कर्ज १० टक्के दराने १५ वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ७ हजार रुपये येतो, आणि यात शिक्षण चालू असतानाचे व्याज धरलेले नाही. साडेपाच वर्षांनी बाहेर पडलेला डॉक्टर त्यानंतर पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करीत असतो, हप्ते फेडण्याची नव्हे. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण पगारदार माणसाने केवळ लोकांना सांगता यावे म्हणून ही उडी घेऊ नये, असे मला स्पष्टपणे वाटते.

परदेशाचा मार्गही स्वस्त म्हणून सुचवला जातो. त्यासाठीही नीट उत्तीर्ण व्हावे लागते, आणि २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप) आणि भारतात परतल्यावर पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता आवश्यक आहे. दलालांच्या पत्रकात ही शेवटची ओळ बहुधा नसते.

एवढे सगळे मांडून आम्ही तिघांनी यादी तयार केली आहे. राज्य कोट्यात पहिले गोमेकॉ; अखिल भारतीय कोट्यात कारवार, ओरोस, कोल्हापूर आणि त्यापुढची शासकीय महाविद्यालये; अभिमत विद्यापीठांची नोंदणी करायची नाही, म्हणजे २ लाखांची अनामतही अडकणार नाही. त्यानंतर बांबोळीचे दंत महाविद्यालय आणि शिरोड्याचे आयुर्वेद महाविद्यालय. पैशाच्या दृष्टीने हे दोन्ही आम्हाला झेपणारे आहेत, त्यामुळे त्यांच्यातील क्रम मुलीने ठरवायचा आहे. तिचा कल आयुर्वेदाकडे आहे, तिच्या बाबांचा दंतवैद्यकाकडे, आणि हा वाद सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज रात्री चालू आहे.