तुझी अरुंधती कोण?

गुरुवार, ६ नोव्हेंबर. रात्रीचे साडेअकरा.

हे झोपलेत. चिऊच्या खोलीत दिवा आहे, अभ्यास चाललाय की मोबाइल ते बघायला उठत नाही. आज लिहायचंच म्हणून वही काढली आणि दहा मिनिटं पेनाचं टोपण चावत बसले.

झालं काहीच नाही. म्हणजे झालं ते इतकं बारीक, की कुणाला सांगायला गेले तर म्हणतील, बाई, तुला कामं नाहीत का?

बायकांच्या क्रिकेट विश्वचषकातल्या सेमीफायनलच्या दुसऱ्या दिवशी मी मेथी निवडत होते आणि चिऊ मला आपल्या जेमिमा रॉड्रिग्जचा व्हिडिओ दाखवत होती. ऑस्ट्रेलियाचे ३३८, हिचे नाबाद १२७, तिसऱ्या नंबरवर जायचंय हे हिला पाच मिनिटं आधी कळलं, त्याआधी ही आंघोळीला गेलेली. हे सगळं तोवर आमच्या घरात तीनदा सांगून झालं होतं. व्हिडिओत मात्र ती भलतंच सांगत होती. या स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडलो म्हणाली. आईला फोन लावून रडायची. मध्ये एका सामन्याला वगळलंही होतं. आणि अरुंधती रेड्डी, जी त्या दिवशी अकरा जणींत नव्हतीच, तिच्यासमोर तर रोजचंच रडणं. स्मृती नेटपाशी येऊन नुसती उभी राहायची, फार बोलायची नाही. आपण जवळ असणं हिला लागतं, एवढं तिला ठाऊक होतं.

चिऊ म्हणाली, "आई, तू पण खो-खोच्या टीममध्ये होतीस ना? तुझी अरुंधती कोण होती गं?"

मी म्हणाले, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." आणि मेथीच्या काड्या गोळा करून आत गेले.

सहा दिवस झाले. तेवढं वाक्य घशात बोराच्या बीसारखं अडकलंय. मध्ये रविवारी फायनल झाली, पाऊस पडून सामना उशिरा सुरू झाला, मध्यरात्री गल्लीत फटाके वाजले, जखमी झालेली सलामीची प्रतिका रावल व्हीलचेअरवर बसून मैदानात आली तेव्हा ह्यांनीसुद्धा डोळे पुसले. मी पण टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजवता वाजवता मनात तेच. असलं काही नव्हतं. असं कसं म्हणाले मी?

आधी वाटलं, हा राग आहे. या पोरींना रडायलासुद्धा माणसं मिळतात. मागच्या वर्षी माझी पिशवी काढली तेव्हा कोण नुसतं येऊन उभं राहिलं? बहीण दोन दिवस आली, जाताना कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन गेली. नणंदबाईंनी फोनवर 'जड उचलू नको' सांगितलं. ह्यांनी डबा आणला, डब्यात रोज शेवभाजी, पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईला. जाऊ दे. जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं लोळवलं, कप्तान प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. ती फायनल मी ओट्याशी, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून, एकटीनं पाहिली. मॅटवरचा खो-खो, दिव्यांचा झगमगाट. शेवटी मी ओरडले तर बाहेरून आवाज आला, "काय जळालं?"

हे असं लिहीत गेलं की बरं वाटतं. आपण बिचाऱ्या होतो. पण मग ते वाक्य परत वर येतं, आणि ते खोटं आहे. लिहूनच ठेवते. खोटं आहे.

अमळनेरच्या त्या मुरमाच्या मैदानावर बाई होत्या. धरणगावहून सुरत पॅसेंजरनं यायच्या. पदर खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हास, आणि शिट्टी हमखास मंगळसूत्रात अडकलेली. अण्णांची परवानगी काढायला घरी आल्या तेव्हा बैठकीत बसल्याच नाहीत. थेट चुलीपाशी आल्या, आजीच्या हातातलं पीठ घेतलं आणि कळण्याच्या भाकरी थापायला लागल्या. पाचव्या भाकरीला अण्णा हो म्हणाले. अट एकच, दिवे लागायच्या आत पोरगी घरात. त्या अटीपायी बाई आपली संध्याकाळची गाडी सोडायच्या, एकेकीला दारापर्यंत पोचवायच्या आणि रात्रीच्या गाडीनं परत जायच्या. त्यांना दारापर्यंत कोण पोचवत होतं, हे आम्हा बारा जणींत कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

साहित्याच्या कपाटाच्या दाराला आतून पी. टी. उषाचं कात्रण चिकटवलेलं. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळे. तिसरी ५५.४१ सेकंदांत, उषा ५५.४२. घारीनं एकदा विचारलं, "बाई, चौथी आलेलीचा फोटो कशाला लावला?" बाई म्हणाल्या, "चुन्याची गोणी उचल आणि पाट्या आखायला घे."

घारी. आलं एकदाचं नाव.

बारा जणींच्या संघात ती बारावी. पळायला बरी होती, वळायला माझ्यापेक्षाही चपळ. पण खो देताना तिचा आवाज फुटायचा नाही. पाठीला हात लागायचा, तोंडातून नुसती हवा. पंचांना ऐकू जायचं नाही, फाऊल. म्हणून ती बाहेर. आमच्या पिशव्या, पाण्याची कळशी, पंचांची सही घ्यायचा कागद, सगळं तिच्याकडे. १९९७ साली आम्ही धुळ्याला सामन्यांना गेलो, तिथून विद्यापीठाच्या संघात माझी निवड ठरलेली होती. म्हणजे मीच ठरवलेली होती.

पळणाऱ्या पहिल्या तुकडीत मी. नऊ मिनिटांची पाळी, मी तीन मिनिटं सहज काढायची. त्या दिवशी एकेरी साखळी खेळत, म्हणजे बसलेल्या पोरींमधून नागमोडी पळत, खांबापर्यंत गेले, वळायला कणभर उशीर झाला आणि समोरच्या पोरीनं खांब धरून अंग झोकलं. पाठीला बोट लागलं. नुसतं बोट. वीस सेकंद झाले असतील.

मी सरळ पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. थोड्या वेळानं घारी आली. समोर आली नाही, 'काय झालं' विचारलं नाही. खो-खोत आखलेल्या पाटीवर बसतो तशी शेजारी उकिडवी बसली, माझं तोंड भिंतीकडे, तिचं मैदानाकडे. ओढणीच्या गाठीतून भाजलेल्या शेंगा काढल्या. शेंग फोडायची, दाणे माझ्या पायाशी ठेवायचे, परत फोडायची. "मी आठेच शे," मी इथंच आहे, एवढं एकदाच म्हणाली. सामना संपल्याची शिट्टी झाली तोवर मूठभर दाणे साठले होते. मी ते खाणार नव्हते. मग खाल्ले.

आता सांग बाई, असलं काही नव्हतं?

नव्हतं म्हणून टाकलं की पुढचं सांगावं लागत नाही, म्हणून म्हणाले. पुढचं म्हणजे, तिचं ते झालं तेव्हा मी गेले नाही. करोनाचं वर्ष, गाड्या बंद, ही पहिल्या वर्षीची सबब. दुसऱ्या वर्षी चिऊची दहावी. तिसऱ्या वर्षीची सबब काय होती ते आज आठवतही नाही. जळगावहून चोपड्याला जायचं म्हणजे काय विलायतेला जायचंय? विदगावच्या पुलावर तापी ओलांडली की दोन्ही अंगांना केळी सुरू होते, एसटीत एक डुलकी काढेपर्यंत गाव येतं. फोनही केला नाही. आधी काय बोलू सुचेना म्हणून, नंतर इतक्या दिवसांनी काय बोलू म्हणून.

आणि चिऊनं, तिला बिचारीला काय ठाऊक, मंगळवारी आणखी एक व्हिडिओ पाठवला. रिओ, २०१६, बायकांची ५००० मीटर. न्यूझीलंडची निकी हॅम्ब्लिन आणि अमेरिकेची ॲबी डी'ॲगोस्टिनो एकमेकींत अडकून पडल्या. ॲबी आधी उठली, पण पुढे पळाली नाही, निकीच्या खांद्याला धरून तिला उठवलं. मग कळलं की गुडघा ॲबीचाच गेलाय, तर निकी तिच्यासाठी थांबली. दोघींनी शर्यत पुरी केली. त्याआधी दोघींची ओळखसुद्धा नव्हती. ऑलिंपिकमध्ये पळता पळता लोकांना थांबायला सवड मिळते. मला एसटी मिळाली नाही.

मेला तो व्हिडिओ. दोन दिवस आमटीत मीठ चुकतंय.

घारी हल्ली अंगणवाडी सुटली की गावातल्या पोरींना खेळवते. रोज स्टेटसला टाकते. मी रोज बघते, आणि मी बघितलेलं तिला रोज दिसत असणार, हे आज संध्याकाळी पहिल्यांदा डोक्यात आलं. आजच्या फोटोत चुन्याच्या पाट्या, आठ पोरी आळीपाळीनं तोंडं फिरवून बसलेल्या, दोघी अनवाणी. कोपऱ्यात हिचा नुसता हात आणि शिट्टी. स्वयंपाक तसाच टाकून गच्चीवर गेले आणि फोन लावला.

"कोन?"

"मी."

"मी कोन?"

सांगितलं. पलीकडे भांड्याचा आवाज. "थांब, दूध उतू जाई ऱ्हायनं."

आणि खरंच थांबवलं मला, चांगली पाच मिनिटं. तेवढ्यात मी काय काय जुळवून ठेवलं होतं. परत आली तर मी एका दमात सुरू केलं, धुळं, वीस सेकंद, टाकी, शेंगा. ती ऐकून म्हणते, "कोनती टाकी?"

"अगं, धुळ्याची. मैदानामागची."

"तठे टाकी होती?"

शेंगाही आठवत नाहीत. 'मी आठेच शे' तर नाहीच. अठ्ठावीस वर्षं मी जे पुडीत बांधून ठेवलं, सांगायची वेळ आली तेव्हा लपवलं, ते तिच्याकडे नाहीच मुळी. मला हसू आलं की रडू, ते गच्चीवर अंधार होता म्हणून बरं.

मग म्हणाली, "मना बूट कोठे शेतस ते सांग आधी."

बूट! माझ्या बुटाचा तळ धुळ्याला सकाळीच निघाला होता. मी तिचे घालून उतरले होते. टाकीमागे ती माझ्याशेजारी बसली तेव्हा अनवाणी होती. मला तिचे पाय दिसतात अजून, मुरमाची धूळ घोट्यापर्यंत चढलेली. बुटांचं मात्र मी पार विसरले होते. बाई गं! ते बूट मी पुढे वर्षभर घातले. अंगठा बाहेर आला तेव्हा आईनं बोहारणीला दिले.

"एक नंबर मोठे होते मला," मी म्हटलं.

"म्हनीसन बाद व्हयनी तू," ती म्हणाली आणि हसली. हसणं म्हणजे काय, फोन कानापासून लांब धरावा लागला. हिचा खो पंचांना ऐकू जायचा नाही, हे आज कुणाला खरं वाटेल? म्हटलं तसं. तर म्हणाली, "सोळा पोरी शेतस. आवाज नई करसू तं काय करसू?"

शेवटी मी ते काढलंच. म्हटलं, तेव्हा मी आले नाही. ती गप्प झाली. मागे कुठेतरी बकरी ओरडत होती. मग म्हणाली, "हां. नई उनी तू."

बस, एवढंच. 'असू दे' नाही, 'काही नाही गं' नाही. आणि गंमत म्हणजे तेच बरं वाटलं. 'असू दे' म्हणाली असती तर मी पुढची तीन वर्षं परत आरामात काढली असती.

बाई बऱ्या आहेत म्हणे. ही दर संक्रांतीला धरणगावला जाते, तिळगूळ देऊन येते. बाई माझं नाव काढतात का, हे काही मी विचारलं नाही.

खाली आल्यावर चिऊला सांगितलं. होती म्हटलं, एक होती. सगळं सांगितलं, शेंगा, टाकी, बूट. ती पोट धरून हसली. "म्हणजे आई, तुझी अरुंधती तुझ्याकडे अजून उधारी मागतेय!" मग हसायची थांबली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, ताटं घे.

रविवारी सकाळच्या चोपडा गाडीनं जाते. ह्यांना सांगितलं, डब्याचं बघा. घारीनं भरिताची वांगी तिकडेच घेऊन ठेवते म्हटलंय, मी फक्त कळण्याचं पीठ न्यायचं. उद्या बाजारात बूट बघते. माझा नंबर पाच, तिचे एकानं मोठे, म्हणजे सहा. पण ते तेव्हाचे पाय, त्यानंतर तिनं किती चाल केली असेल. परत फोन करून विचारावं तर सगळंच बिंग फुटेल. सहाच घेते. तिला नाही बसले तर त्या अनवाणी दोघींतल्या कुणाला तरी येतील.