एकशे पाच अंशांचा हट्ट

रत्नागिरीत बारा वर्षं पेरूची जेली करून विकते. मागच्या डिसेंबरात महाबळेश्वरहून एका लग्नाची ऑर्डर आली: पाहुण्यांना द्यायच्या छोट्या बाटल्या, पेरूच्या जेलीला देशी गुलाबाचा वास हवा. भरलेल्या बाटल्या घाटातून हिंदकळत नेण्यापेक्षा तिथेच करू म्हटलं आणि थर्मामीटर घेऊन मीच वर गेले.

आदल्या संध्याकाळी पेरू शिजवले. जेलीला जरा करकरीतच लागतात. फार पिकले की जेली जमवणारं पेक्टिन कमी होतं आणि हाती सरबत उरतं. शिजलेला गर पंचात बांधून रात्रभर टांगला. पिळायचा मोह फार होतो, पण पिळला की रस गढूळ. सकाळी रस तापवला, गॅस बंद केला आणि मग पाकळ्या घातल्या. त्यांची बुडाची पांढरी टोकं आधीच कातरली होती, ती कडवट असतात. गुलाब माझ्या परसातले. फुलवाल्याकडचे फवारलेले मी पातेल्यात घालत नाही. थोड्या वेळाने पाकळ्या फिकटल्या, रस मळकट दिसू लागला. लिंबू पिळलं आणि रंग खुलला. हे शंभरदा पाहिलंय, तरी दरवेळी कुणाला तरी हाक मारून दाखवते. त्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशी होत्या.

पाकळ्या गाळून साखर घातली, चार वाट्या रसाला तीन. आता १०५ अंशांची वाट पाहायची. ९९, १००, १०१... तिथून पारा हलेना.

मावशींनी पळी उचलून पाहिली. "ताई, झालंय की. थेंब जुळून पडायलेत."

"नाही हो मावशी, अजून चार अंश."

चार अंश झाले तोवर रंग काकवीसारखा, गुलाबाचा वास खिडकीतून पार. गार झाल्यावर पातेल्यात पळी उभी राहिली!

मग डोकं चाललं. नुसतं पाणी उकळून त्यात थर्मामीटर धरला: साडेपंच्याण्णव. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचावर, आणि दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक अंश आधीच उकळतं. जेली जमते ती उकळत्या पाण्याच्या वर चार-पाच अंशांवर. म्हणजे इथे शंभरलाच. शाळेत शिकले होते हे सगळं, पण समुद्राशेजारी राहून कधी कामाला आलं नव्हतं.

निम्मा रस बाजूला होता म्हणून वाचले. दुसरा घाणा मावशींच्या नजरेवर सोडला. पळी आडवी धरली, कडेवरचे दोन थेंब एकमेकांकडे सरकले, एक झाले आणि पदर सुटावा तसे खाली आले. पारा बरोबर शंभरवर.

कमी पडलेल्या बाटल्यांसाठी दुपारी पुन्हा पेरू आणावे लागले. ते चिरताना मावशी म्हणाल्या, "म्हंजे तुमच्याकडं पाणी जास्त तापतंय व्हय?"

"हो ना."

"मग च्या चांगला हुईत आसंल."