फिरोजशाह आणि नेपोलियनची तलवार

पंजाबात जाणारे बहुतेक मराठी लोक सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग आणि अटारीची परेड बघून परततात. मला मात्र फिरोजशाहला जायचं होतं. 1845 च्या डिसेंबरात खालसा फौजेने, म्हणजे लाहोरच्या शीख राज्याच्या सैन्याने, इंग्रजांच्या तोंडचं पाणी पळवलं ते इथे, सतलजच्या अलीकडे.

फिरोजपूरहून मोग्याच्या रस्त्याला लागलं की कालव्याकाठी अँग्लो-शीख युद्धाचं स्मारक येतं. आतली चित्रकार किरपालसिंग यांची लढायांची मोठाली चित्रं सावकाश बघावीत. मी जास्त रेंगाळले ती तोफांपाशी. या लढाईची खरी कथा तोफांची आहे आणि ती सुरू होते बरीच आधी, लाहोरात.

1822 साली रणजितसिंहांच्या दरबारात दोन परके आले: फ्रान्समधल्या सां-त्रोपेचा अलार्ड आणि इटलीचा व्हेंचुरा. दोघेही नेपोलियनच्या फौजांतून लढलेले, वॉटर्लूनंतर रिकामे झालेले. महाराजांनी त्यांना चांगलं पारखून मगच चाकरीत घेतलं. दाढी राखायची, गोमांस खायचं नाही, चारचौघांत तंबाखू ओढायची नाही, अशा अटी घातल्याचं सांगतात. व्हेंचुराने पायदळ घडवलं, अलार्डने घोडदळ. 1827 मध्ये कोर्ट नावाचा फ्रेंच अधिकारी आला आणि तोफखान्याला शिस्त आली. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय अधिकाऱ्याकडून कंपू, म्हणजे कवायती पलटणी, उभे करून घेतले, तीच ही वाट. 1805 मध्ये यशवंतराव होळकर अमृतसरला पोचले, त्यांच्या मागावर आलेल्या लॉर्ड लेकने बियासकाठी तळ दिला. तिथली कवायत रणजितसिंहांच्या मनात भरली, असंही म्हणतात.

अलार्ड 1839 मध्ये पेशावरला वारला, त्याच वर्षी महाराजही गेले. पुढे दरबारात खुनाखुनी माजली आणि 1843 च्या सुमारास व्हेंचुरा, कोर्ट दोघेही निघून गेले. मागे राहिली ती फौज. फिरोजशाहला तोफा डागणारे शीख आणि मुसलमान गोलंदाज इथल्याच मातीतले होते, आणि मला याचंच सगळ्यात अप्रूप वाटतं.

21 डिसेंबरला दिवस कलताना इंग्रजांनी हल्ला चढवला. सेनापती गफ, आणि त्याच्या हाताखाली लढायला खुद्द गव्हर्नर जनरल हार्डिंग. या हार्डिंगचा डावा हात 1815 मध्ये नेपोलियनशी लढताना गेला होता. त्याच्यापाशी नेपोलियनची तलवारही होती, वेलिंग्टनने भेट दिलेली. अंधार पडला तरी लढाई सुटली नाही. कडाक्याची थंडी, प्यायला पाणी नाही, पलटणी एकमेकींत मिसळलेल्या, आणि वरून खालशाचे गोळे. प्रशियाचा राजपुत्र वाल्डेमार पाहुणा म्हणून सोबत होता; त्याचा डॉक्टर हॉफमाइस्टर इथेच मारला गेला. त्या रात्री हार्डिंगने नेपोलियनची तलवार सुरक्षित जागी पाठवून दिली. मागे मुदकीच्या तळावर निरोप गेला की पराभव झालाच तर सरकारी कागद जाळून टाका. नेपोलियनच्या माणसांनी घडवलेल्या फौजेसमोर त्याला नेपोलियनचीच तलवार लपवावी लागली, हे वाचल्यापासून मला ही जागा बघायची होती.

दुसऱ्या दिवशी इंग्रजांनी ठाणं घेतलं खरं, पण दारूगोळा संपत आला होता. तेवढ्यात शीख सेनापती तेजसिंग ताज्या दमाची फौज घेऊन आला आणि थोडी गोळाबारी करून मागे फिरला. इंग्रजांचे सुमारे 2,400 जण मेले वा जखमी झाले होते. तेजसिंग का फिरला यावर लोक अजून वाद घालतात. माझ्या मते ती सरळ सरळ फितुरी होती, आणि ती फौज तिच्या सरदारांपेक्षा कितीतरी मोठी होती.

गावाभोवती आता गव्हाची शेतं आहेत. एका म्हाताऱ्या शेतकरीबाबांनी ‘बेटा, पहले चाय’ म्हणत बाजेवर बसवलं आणि लढाईची दिशा हातवारे करून समजावली. त्यांच्या बोलण्यातही तेजसिंगाचं नाव रागानेच आलं.

वेळ असेल तर याच युद्धातल्या सबरावच्या रणभूमीवरही जा. 10 फेब्रुवारी 1846 ला म्हातारे सरदार शामसिंग अटारीवाला तिथे माघार न घेता लढून पडले. त्यांची समाधी अटारी गावात आहे. परेडच्या गर्दीत निघालात तर दुपारीच पोचा, आणि सीमेवर जायच्या आधी गाडी गावात वळवा.