चटणी वाढलीच नाही: आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा मेडिकल दुकानांच्या बिलिंग सॉफ्टवेअरचा. पुण्यात दोन खोल्यांचं ऑफिस, चार माणसं. त्यात स्ट्रोकच्या चाचण्या शिरल्या त्या बाबांमुळे.

मेंदूच्या उजव्या भागाला स्ट्रोक आला, डावा हात लुळा पडला. घरी आल्यावर बाबा रोज जेवताना आईवर चिडायचे, "चटणी वाढलीच नाहीस!" चटणी, कोशिंबीर, लिंबू, सगळं डाव्या बाजूला जागच्या जागी असायचं. उजवीकडची भाजी मात्र चाटूनपुसून संपलेली. एकदा वैतागून आईने ताटच फिरवलं, तेव्हा कुठे त्यांना चटणी दिसली. डोळे ठणठणीत होते. डावी बाजू मेंदूच्या लक्षातूनच उतरली होती. याला निग्लेक्ट म्हणतात, हे थेरपिस्ट ताईंनी सांगितलं.

त्यांनी बाबांपुढे एक कागद ठेवला. लहानमोठे तारे, मधे अक्षरं पेरलेली. खोडायचे फक्त लहान तारे. १९८७ ची ही ब्रिटिश चाचणी, मोजायचे तारे ५४. बाबांनी उजवीकडचे खोडले आणि पेन ठेवलं. "झालं." घड्याळ काढायला सांगितलं, तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेले.

काही महिन्यांनी त्यांनी सगळे तारे खोडले. मार्क पूर्ण! पण मी शेजारी बसून बघत होतो. सुरुवात उजव्या टोकाकडून, डावीकडे जाताना पेन हवेत घुटमळायचं, खोडलेल्या ताऱ्यावर पुन्हा रेघ. मराठी वाचणारा माणूस एरवी डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करतो. ही धडपड मार्कांत कुठेच नव्हती, आणि घरात डावा खांदा अजून दाराच्या चौकटीला आपटतच होता.

शोधाशोध केली तेव्हा कळलं, इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठात रिचर्ड गेस्ट आणि मायकेल फेअरहर्स्ट यांनी चित्र काढण्याच्या अशाच चाचण्या संगणकाने तपासल्या होत्या. पेन कधी टेकलं, कधी उचललं, कुठून कुठे गेलं, सगळं नोंदवायचं. आम्ही तीच वाट धरली. आधी टॅबलेटच्या काचेवर केलं आणि फसलो: एका पेशंट आजोबांचा हात घसरायचा, मनगट टेकलं की भलतंच काही उघडायचं. मग साधा कागद, शाईचं पेन आणि खाली पेनची हालचाल टिपणारी डिजिटायझरची पाटी. एका दवाखान्यात तर सगळेच पेशंट उजवीकडे झुकलेले निघाले. दोन दिवस कोड तपासला. दोष निघाला सरकणाऱ्या कागदाचा. स्टेशनरीच्या दुकानातल्या चिमट्याने तो सुटला.

पहिल्या आवृत्तीत निकाल लाल अक्षरांत यायचा: 'निग्लेक्ट आहे'. ताईंनी झापलं, "अहो, या काकांचं डावीकडचं दिसणंच गेलंय. ते मान वळवून शोधतात तरी. तुमचे बाबा शोधतच नव्हते." लाल अक्षरं त्याच दिवशी काढली. आता फक्त पेनचा माग आणि वेळ दिसतो, निदान त्या करतात. तसंही १ एप्रिल २०२० पासून असं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत मोडतं, म्हणजे कागदपत्रांचा डोंगर वेगळाच.

ताऱ्यांच्या कागदावरच्या इंग्रजी अक्षरांच्या जागी आम्ही देवनागरी घातली. शाळेत न गेलेल्यांसाठी नुसत्या रेघा खोडायची १९७३ ची अल्बर्टची चाचणी आहे, ती सगळ्यांना जमते.

घर अजून बिलिंगवरच चालतं. सध्याची डोकेदुखी म्हणजे पलंगावर तिरका बसलेला पेशंट: कागद छातीच्या मधोमध आहे की नाही, हे पाटीला कळत नाही. तूर्त ताई टेबलावर खडूने खूण करतात.