साडेसतरा आण्यांतील सात इमारती

पंचम जॉर्ज ६ मे १९१० रोजी गादीवर आला. त्याला पंचवीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९३५ च्या मे महिन्यात ब्रिटिश साम्राज्यात ठिकठिकाणी रौप्यमहोत्सवी टपाल तिकिटे निघाली. चाळीसहून अधिक वसाहतींसाठी चित्र एकच होते, विंडसरचा किल्ला आणि राजाचे मुखचित्र. बदलत होते ते फक्त वसाहतीचे नाव, किंमत आणि रंग. ही तिकिटे अल्बममध्ये ओळीने लावू लागलो की चौथ्या-पाचव्या वसाहतीपाशी मला जांभई येते. हिंदुस्थानच्या टपाल खात्याने मात्र सात तिकिटांचा स्वतंत्र संच काढला, तो नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला, आणि विंडसरला त्यात जागाच ठेवली नाही.

अर्ध्या आण्यावर मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया, नऊ पैच्या, म्हणजे पाऊण आण्याच्या तिकिटावर कलकत्त्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल, एक आण्यावर रामेश्वरचे मंदिर, सव्वा आण्यावर कलकत्त्याचेच जैन मंदिर, अडीच आण्यांवर ताजमहाल, साडेतीनवर अमृतसरचे सुवर्णमंदिर आणि आठ आण्यांवर मंडालेचा पॅगोडा, असा हा संच आहे. सगळ्यांची बेरीज साडेसतरा आणे, म्हणजे एक रुपया दीड आणा. प्रत्येक तिकिटात काळ्या रंगाला दुसऱ्या एकाच रंगाची जोड दिलेली आहे. अर्ध्या आण्याला पिवळसर हिरवा, अडीच आण्यांना नारिंगी. सातांपैकी इंग्रजांनी उभारलेल्या वास्तू दोनच. उरलेल्या पाच जणींचा या राजाशी किंवा त्याच्या घराण्याशी काडीचाही संबंध नाही, आणि त्यामुळे गौरव राजाचा असला तरी पाहणाऱ्याची नजर इमारतीवरच खिळते, असे मला वाटते.

गेटवेची गोष्ट अर्थातच वेगळी. २ डिसेंबर १९११ रोजी राजा-राणी अपोलो बंदरावर उतरले, त्याच्या स्मरणार्थ ही कमान बांधायचे ठरले. पायाभरणी १९१३ मध्ये झाली आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे अर्ध्या आण्याचे तिकीट हे राजाच्या एका स्मारकाचे दुसरे स्मारक आहे. संचाच्या दुसऱ्या टोकाला मंडाले आहे, आणि मराठी माणसाला मंडाले म्हटले की पॅगोडा नव्हे, टिळकांचा तुरुंगवास आठवतो. राजा मुंबईत उतरला त्या दिवशी टिळक मंडालेच्या तुरुंगातच होते. तिकिटे निवडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मनात हे आले असण्याची शक्यता नाही. परंतु हा संच मराठी घरात पाहिला जाताना ही जोडी लपत नाही. पुढे १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानातून वेगळा झाला आणि मंडालेचा पॅगोडा आपल्या टपाल खात्याच्या हद्दीबाहेर गेला.

राजा स्वतः कसलेला संग्राहक होता, हा यातला गमतीचा भाग. युवराज असताना, १९०४ मध्ये, त्याने मॉरिशसचे दोन पेन्सचे दुर्मीळ तिकीट १,४५० पौंडांना लिलावात घेतले होते. रौप्यमहोत्सवानंतर वर्षभरातच, २० जानेवारी १९३६ रोजी, तो वारला.

हा संच आजही फारसा महाग नाही, त्यामुळे नवशिक्या संग्राहकाने तो जरूर घ्यावा. घेताना तिकिटे उलटी करून ताऱ्यांचा वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली फिकट खूण, सरळ आहे की उलटा, हे पाहावे, आणि साडेतीन आण्यांच्या तिकिटाला भिंग लावावे. त्याच्या काही प्रतींवर छपाईच्या दोषामुळे एक लहानसा डाग उमटला आहे, जो उडत्या पक्ष्यासारखा दिसतो. कॅटलॉगमध्ये त्याची ओळखही ‘पक्षी’ अशीच आहे. तो पक्षी असलेल्या प्रतीला साध्या प्रतीपेक्षा बरीच जास्त किंमत येते, आणि पुष्कळ विक्रेते सुटी तिकिटे विकताना ती तपासत बसत नाहीत.