फडताळाची निळी दारे आणि न सुटणारा सांगाडा

फडताळाच्या दारांवरचा रंग सहज सुटतो, मग सांगाड्यावरचा, म्हणजे चौकट आणि बाजूच्या फळ्या यांच्यावरचा, तोच रंग का सुटत नाही, या प्रश्नाचे उत्तर या आठवड्यात अखेर मिळाले. जुन्या फडताळाचे वरचे थर काढून खालचा निळा उघडा करण्याचे काम तिथेच अडले होते. सर्वांत वर पांढरा इमल्शन, त्याखाली सायीच्या रंगाचा ऑइल पेंट आणि त्याखाली तो निळसर हिरवा थर, ज्याच्यासाठी हे फडताळ घेतले. दारे, चौकट आणि बाजूच्या फळ्या या सगळ्यांवर हे तिन्ही थर याच क्रमाने दिसत होते. त्यामुळे एकच पद्धत सगळीकडे चालायला हवी होती.

दारांवर ती उत्तम चालली. कापसाच्या पट्ट्या स्पिरिटमध्ये भिजवून रंगावर पसरायच्या, स्पिरिट उडून जाऊ नये म्हणून वरून प्लास्टिकचा कागद दाबून लावायचा आणि थोडा वेळ थांबायचे. पांढरा इमल्शन स्पिरिटने चिवट होऊन सालीसारखा निघतो. त्याखालच्या ऑइल पेंटवर स्पिरिटचा फारसा परिणाम होत नाही, पण त्याला पडलेल्या बारीक भेगांतून स्पिरिट खाली झिरपते आणि प्लास्टिकच्या खरवडणीची कड हलकेच सरकवली की सायीच्या रंगाचे नखाएवढे पोपडे अखंड सुटून येतात. एका पोपड्याची खालची बाजू भिंगाखाली पाहिली, तर तिच्यावर तपकिरी, चिकट आणि चकचकीत असा एक पातळ पापुद्रा होता. तो चपडा पॉलिशचा, म्हणजे लाखेचा थर होता. पूर्वी कोणीतरी निळ्या रंगावर चपडा मारून ठेवला होता. स्पिरिटने तो विरघळतो आणि त्याच्यावर बसलेला ऑइल पेंट आपोआप निराधार होतो. खालच्या निळ्या थराला, म्हणजे दुधापासून केलेल्या मिल्क पेंटला, स्पिरिटने धक्काही लागत नाही. डाव्या दाराची दिल्हेफळी, म्हणजे दाराच्या चौकटीत बसवलेली मधली फळी, पूर्ण उघडी झाली तेव्हा खालच्या कोपऱ्यात, कडीजवळ, हाताच्या वावराने झिजून गुळगुळीत झालेला निळा दिसला. ती झीज कोणत्याही पॉलिश पेपरने करता येणार नाही, असे मला मनापासून वाटते.

सांगाड्याने मात्र दाद दिली नाही. पांढरा थर गेला, सायीचा जसाच्या तसा राहिला. पट्ट्या अधिक वेळ ठेवून पाहिल्या, बोथट खरवडणी बदलून कार्ड स्क्रेपर, म्हणजे पातळ पोलादी पत्र्याची धारदार खरवडणी, वापरला, तरी जिथे सायीचा रंग निघाला तिथे त्याच्याबरोबर निळाही गेला आणि उघडे लाकूड दिसू लागले. हीट गनचा विचारसुद्धा केला नाही, कारण शिशाच्या चाचणीची काडी सायीच्या थरावर घासताच गुलाबी झाली होती. शिसे असलेला रंग तापवला तर विषारी धूर निघतो आणि कोरडा घासला तर धूळ घरभर पसरते. म्हणून सारे काम ओले ठेवून, योग्य गाळणीचा मास्क लावून आणि निघालेला कचरा पिशवीत बंद करूनच चालू आहे. ज्यांच्या घरात लहान मुले आहेत त्यांनी तर ही चाचणी केल्याशिवाय जुन्या रंगाला हातच लावू नये.

शेवटी मागच्या बाजूच्या न दिसणाऱ्या भागात बेंझिल अल्कोहोलचे जेल रिमूव्हर, म्हणजे रंग काढणारे रसायन, लावून पाहिले. मिथिलीन क्लोराइडचे रिमूव्हर झटपट काम करतात हे मान्य आहे, पण त्यांची वाफ बंद खोलीत जीवघेणी ठरू शकते, त्यामुळे घरगुती कामात मी त्यांना जागा देत नाही. जेलने सायीचा थर फुगला आणि त्याच्याबरोबर निळाही फुगला. दोन्हींचा एकत्र चिखल झाला. कोड्याची खरी गाठ इथेच होती. मिल्क पेंट म्हणजे दुधातले केसीन, चुना आणि रंगद्रव्य यांचे मिश्रण. ते एकदा मुरले की नेहमीच्या रिमूव्हरला जवळजवळ बधत नाही. मग इथला निळा का विरघळला?

रात्री दिवे मालवून अतिनील टॉर्च घेतली. चपड्याचा थर या प्रकाशात नारिंगी चमकतो, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. दारांच्या आतल्या बाजूला नंतरचा कोणताही रंग कधी लागलेला नाही. तिथे निळ्यावर सलग नारिंगी झळाळी उठली, आणि ब्रशचे फटकारेसुद्धा मोजता यावेत इतकी ती स्पष्ट होती. टॉर्च चौकटीच्या आतल्या कडेवर नेताच ती झळाळी संपली. तिथे निळा होता, चपडा नव्हता. मग अमोनियात बुडवलेला कापसाचा बोळा दोन्हीकडे लावला, कारण अमोनियाने केसीन नरम होते. दाराच्या आतल्या कोपऱ्यातून निळा सावकाश बोळ्यावर उतरला. चौकटीवरचा बोळा पांढराच राहिला. थोडक्यात, दारांवर मिल्क पेंट आहे आणि सांगाड्यावर त्याच्याशी मिळताजुळता, चमक कमी केलेला ऑइल पेंट आहे. सायीचा थरही ऑइल पेंटच असल्याने त्या दोहोंना सहज वेगळे करू शकेल असे द्रावण मला माहीत नाही.

यानंतर पुरावे शोधणे सोपे झाले. लाकूड सुकताना रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने नगण्य, म्हणजे साधारण ०.१ ते ०.२ टक्के आकसते, पण आडव्या दिशेने त्याच्या कितीतरी पट आकसते. त्यामुळे जुन्या दारातली दिल्हेफळी वर्षानुवर्षे अरुंद होत जाते आणि दाराच्या चौकटीच्या खाचेत लपलेली तिची कड बाहेर डोकावू लागते. आपल्या दारांवर ती बारीक पट्टी कोऱ्या लाकडाची आहे, म्हणजे निळा लागला तेव्हा फळी अजून आकसलेली नव्हती. सांगाड्याच्या बाजूच्या फळीवर मात्र तशाच पट्टीवर निळा थेट आत शिरलेला आहे, म्हणजे तिथे तो फळी आकसून झाल्यावर लावलेला आहे. दारांच्या कडेला लाकडाच्या चकत्यांनी बुजवलेल्या जुन्या बिजागऱ्यांच्या खाचाही सापडल्या, आणि त्या सध्याच्या बिजागऱ्यांशी जुळत नाहीत. एका बुजवलेल्या भोकात मोडून राहिलेला स्क्रू निघाला. त्याचे टोक बोथट होते आणि आटे हाताने कापल्यासारखे असमान होते. यंत्राने बनवलेले टोकदार लाकडी स्क्रू १८४६ च्या सुमारास येऊ लागले, त्यामुळे या एका तुकड्यावरून वर्ष ठरवता येत नसले तरी दिशा नक्की कळते. सांगाड्याच्या पाठीच्या फळ्यांवर यंत्राच्या गोल करवतीने उमटलेल्या कमानी आहेत. दारांच्या दिल्हेफळ्यांच्या मागे मात्र हातरंध्याचे उथळ, लांबट खळगे तिरप्या उजेडात दिसतात. दारे जुनी आहेत, सांगाडा त्यांच्यासाठी नंतर बनवलेला आहे आणि निळा रंग दारांशी जुळावा म्हणून लावलेला आहे.

विक्रेत्याने हे फडताळ एकसंध आणि मूळ रंगासह असल्याचे लिहून दिले होते. ते खरे नाही, आणि याचे वाईट वाटते. तरीही एक गोष्ट महत्त्वाची आहे. सायीचा आणि पांढरा हे दोन्ही थर दारांवर आणि सांगाड्यावर सलग आहेत, म्हणजे ही जोडणी त्या दोन्ही रंगांच्या आधीची आहे. विक्रीसाठी अलीकडे केलेली ती बनवाबनवी नव्हे. आवडलेली दारे वाया जाऊ नयेत म्हणून कोणीतरी त्यांच्या मापाने घर बांधले. अशा वस्तूला मी खोटी म्हणणार नाही. फक्त तिचे वर्णन खरे असावे आणि तिचा भाव त्या वर्णनाप्रमाणे ठरावा. यापुढे समोरून काढलेल्या सुंदर छायाचित्रावर माझा विश्वास नाही. पाठ, खणाचा तळ, बिजागऱ्यांचे स्क्रू आणि दाराची आतली बाजू यांची छायाचित्रे मागितल्यावर जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याचे कारण नाही.

आता योजना बदलणे भाग आहे. सगळे फडताळ निळे करायचे, असा बेत होता. सांगाड्यावरचा निळा तसाही जुना मिल्क पेंट नसल्याने त्याच्यासाठी सायीचा थर घालवण्यात अर्थ उरला नाही. हे लिहिता लिहिता असे वाटू लागले आहे की सांगाडा सायीच्या रंगातच ठेवावा. पांढरा निघाल्यावर त्याच्या बारीक भेगा आणि कडांची झीज फार देखणी दिसते, आणि त्या पार्श्वभूमीवर निळी दारे उठून येतील. शिशाचा थर उघडा ठेवता येणार नाही, म्हणून त्यावर पातळ, मॅट वॉर्निशचे दोन हात द्यावे लागतील. दारांना फक्त मेण. मात्र वॉर्निशने सायीचा रंग पिवळसर झाला तर काय, हे मागच्या पट्टीवर आधी पाहावे लागेल, आणि पाणी-आधारित वॉर्निश त्या दृष्टीने बरे ठरेल असे दिसते.

एक छोटा आनंद नोंदवायचा राहिला. मागे घेतलेले लाकडी कातीव परातीसारखे भांडे खरेच जुने आहे की नव्याने रंगवून विकले आहे, अशी शंका होती. कॅलिपरने व्यास मोजला. रेषेच्या दिशेने आणि आडवा यांत स्पष्ट फरक निघाला, म्हणजे भांडे गोल कातले गेले आणि पुढे आकसून लंबगोल झाले. ओल्या लाकडाचे नवे भांडेही असेच वाकते, त्यामुळे एवढ्यावर निर्णय देत नाही; पण तळावरची झीज आणि काळवंडलेला रंग सर्व बाजूंनी सारखा नाही, आणि नकली झीज बहुधा सारखीच असते, म्हणून मी निश्चिंत आहे.

पुढचा शोध बिजागऱ्यांचा आहे. सध्याच्या बिजागऱ्यांना फिलिप्स स्क्रू, म्हणजे डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेले, आहेत आणि ते १९३० च्या दशकाच्या आधी बाजारात नव्हतेच, त्यामुळे त्या कधीतरी बदललेल्या आहेत हे उघड आहे. नव्याने ओतलेल्या ‘जुन्या धाटणीच्या’ बिजागऱ्या घेण्याची माझी तयारी नाही. त्यांच्या कडेला साच्याचा जोड राहतो आणि पिन सैल असते. भंगारात निघालेल्या जुन्या दारांवर लोखंडी, सरळ पानाच्या, दारांवरच्या बुजवलेल्या खाचांत नेमक्या बसणाऱ्या बिजागऱ्या मिळाल्या, तर चकत्या काढून दारे त्यांच्या मूळ जागी टांगता येतील. त्या खाचांच्या मापाचा कागदी साचा कापून घेतला आहे आणि आता टॉर्च व कॅलिपरसोबत तोही पिशवीत असतो.