ओठ न मिटता लिहिलेल्या ओळी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेचे निमंत्रण आले तेव्हा शाळेविषयी लिहायचे म्हणून कागद पुढे ओढला. पण प्रार्थना, घंटा, गॅदरिंग यांतले काहीच लेखणीपाशी थांबेना आणि प्रत्येक आठवण मराठीच्या बाईंच्या तासापाशी जाऊन पोहोचू लागली. बाईंचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसते ‘बाई’ म्हटले की पुरते.

१९७८ साली मी नववीत होतो. शुक्रवारचे शेवटचे दोन तास बाईंनी लेखनासाठी जोडून मागून घेतले होते. त्या तासांना ‘पावसाळ्यातील एक दिवस’ किंवा ‘माझा आवडता सण’ असला विषय फळ्यावर कधीच आला नाही. बाई विषयाऐवजी अट घालीत. “मोकळं सोडलं की पाठ केलेलं आठवतं, अट घातली की शोधावं लागतं,” असे त्या म्हणत, आणि ते किती खरे आहे हे कळायला मला पुढची वीस वर्षे लागली. एकदा नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याच्या पाळीची सरकारी नोटीस त्यांनी फळ्यावर जशीच्या तशी उतरवली आणि तिची ओवी करायला सांगितली. नोटिशीबाहेरचा एकही शब्द घ्यायचा नव्हता. एकदा पुण्याहून आणलेले अरुण कोलटकरांचे ‘जेजुरी’ हे १९७६ साली निघालेले इंग्रजी पुस्तक घेऊन त्या वर्गात आल्या. जेजुरीहून स्टेशनाकडे जाताना ज्वारीच्या शेतात उड्या मारणारी कोंबडी त्या कवितेत कागदावर खरोखरच वरखाली उडतात. बाईंनी ते पान फळ्यावर अक्षर न् अक्षर मांडून दाखवले, आणि कविता डोळ्यांनीही वाचायची असते हे कऱ्हेकाठच्या चाळीस मुलांना त्या दिवशी समजले. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी ज्या नदीवर स्नानाला येते, तीच नदी आपल्या गावावरून वाहते. त्यामुळे ती कविता आम्हाला इंग्रजी वाटलीच नाही.

या सर्वांत माझ्या मनात घर करून राहिला तो निरोष्ठ्य रचनेचा शुक्रवार. मोरोपंत बारामतीचे, म्हणून पाठ्यपुस्तकातली त्यांची आर्या आम्ही अभिमानाने म्हणत असू; पण पंतांनी एकशे आठ रामायणे रचली आणि त्यांतले एक निरोष्ठ रामायण आहे, हे आम्हाला बाईंनी सांगितले. ज्या अक्षरांना ओठाला ओठ लागतो ती प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरे त्यात वर्ज्य. म्हणजे ज्या रामायणात ‘राम’ हा शब्दच येऊ शकत नाही, लक्ष्मण, भरत आणि हनुमानही नावाने येऊ शकत नाहीत, असे रामायण! दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तही ओठाला जखम झालेला एक कुमार आपली सगळी हकीकत ओष्ठ्य अक्षरे टाळून सांगतो, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले. मग म्हणाल्या, “आता घरातल्या एका माणसावर पाच ओळी लिहा. पेन्सिल ओठांमध्ये आडवी धरून वाचायच्या. ओठ पेन्सिलीवर मिटले की ओळ बाद.”

माझे वडील पाटकरी होते. कालव्याचे पाणी सुटले की रात्र रात्र बांधावर असत. त्यांच्याविषयी लिहायचे असे मी ठरवले आणि पहिल्याच शब्दाला अडलो. घरी आम्ही त्यांना ‘बापू’ म्हणत असू. त्यात दोन्ही अक्षरे वर्ज्य. ‘वडील’ चालले असते, पण त्यांना तसे कोणी हाक मारीत नव्हते. ‘माझे’ लिहिता येईना, ‘मी’ तर नाहीच. पाऊण तास कोरा कागद पुढे घेऊन बसलो. शेवटी नाव आणि नाते दोन्ही सोडून दिले आणि रात्री अंथरुणात पडल्या पडल्या जे दिसायचे तेवढेच लिहिले:

रात्री उशिरा कोणी येतो,
चिखलाचे जोडे दाराशी काढतो,
कंदिलाची वात लहान करतो,
आणि निजलेल्या डोक्यांवरून
हलकेच एक हात सरकत जातो.

आधी दुसरी ओळ ‘चिखलाचे पाय दाराशी धुतो’ अशी होती. वाचताना ‘पाय’वर ओठ पेन्सिलीवर मिटले आणि वर्ग ओरडला, “बाद!” बाई काही बोलल्या नाहीत, माझ्या बाकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पाय धुताना तू त्यांना पाहिलं आहेस का?” मी पाहिले नव्हते. पाय ते कालव्यावरच धुऊन येत. दारात असत ते जोडे. पाचांतले एक अक्षर नाकारले गेले नसते, तर वडिलांविषयीची एक चुकीची ओळ मी आयुष्यभर बरोबर समजलो असतो.

पुढे मी बँकेत लागलो, निवृत्तही झालो. दोन कवितासंग्रह निघाले, आणि गेली सहा वर्षे दर शनिवारी मुलांसाठी लेखनाचा वर्ग घेतो. त्यात बाईंच्याच अटी वापरतो. १९६० साली फ्रान्समध्ये कवी आणि गणितज्ञांनी मिळून ‘ऊलिपो’ नावाचा गट काढला आणि अशा अटींवरच साहित्य रचले, हे मी फार उशिरा वाचले. त्या गटातल्या जॉर्ज पेरेकने १९६९ साली फ्रेंचमधले ‘ई’ (e) हे सर्वाधिक लागणारे अक्षर एकदाही न वापरता अख्खी कादंबरी लिहिली. त्या अक्षरावाचून फ्रेंचमध्ये आई हा शब्द लिहिता येत नाही, वडील हा लिहिता येत नाही, आणि पेरेक हे त्याचे स्वतःचे आडनावही नाही. त्याचे वडील १९४० साली युद्धात मारले गेले होते आणि आईला १९४३ साली आउश्वित्झला नेण्यात आले होते. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. बाईंना पत्र लिहायचे ठरवले, आणि ते लिहायच्या आत बाई गेल्याची बातमी आली. ही चुटपुट कशानेही भरून येणारी नाही.

आता शाळांतून जोडतास उरले नाहीत, आणि रसग्रहणाचे मुद्दे मुलांना तयार मिळतात. माझ्या वर्गाला येणारी मुले पहिल्या दिवशी विचारतात, “किती ओळी लिहायच्या?” अट ऐकली की गप्प होतात, आणि त्या गप्प होण्याची मी वाट पाहत असतो.

एक विनंती करतो. त्या वर्षीच्या हस्तलिखितात प्रत्येकाने आपली रचना स्वतःच्या अक्षरात उतरवली होती, आणि खोडलेला शब्द एका रेघेनेच खोडायचा, खाली दिसला पाहिजे, अशी बाईंची सक्त ताकीद होती. ते हस्तलिखित शाळेच्या कपाटात मला मिळाले नाही. कोणा वर्गमित्राच्या घरी असेल, तर एकदा पाहायला द्यावे. ज्या पानावर एका रेघेखाली ‘पाय’ आणि त्याच्यावर ‘जोडे’ लिहिलेले असेल, ते माझे पान.